‘इथं चालत नाही’: दहाचं नाणं, शिवराई आणि चलन

वळचणीचा पाहुणा (धागाकर्ता) – रविवार, सकाळी १०:१२

गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. एसटी स्टँडवर उतरलो, चहा घेतला आणि दहाचं नाणं पुढं केलं. चहावाल्यानं हातही पुढं केला नाही.

"हे इथं चालत नाही."

म्हटलं, का बाबा, सरकारी नाणं आहे.

"सरकारी असंल. चालत नाही."

कप विसळता विसळता त्यानं मानेनंच खांबावर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला. मी मुकाट्यानं मोबाइल काढला. त्याच्या डबीतली बाई 'दहा रुपये प्राप्त झाले' असं ठणकावून बोलली आणि विषय मिटला. म्हणजे टांकसाळीतून आलेलं, हाताला वजन लागणारं, सिंहमुद्रेचं नाणं खोटं. आणि माझ्या खात्यातला आकडा कमी होऊन त्याच्या खात्यातला वाढला, ते खरं.

मी थोडं शहाणपण दाखवायचा प्रयत्न केला. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तोवर १४ नमुने निघाले आणि सगळेच्या सगळे चालू आहेत. दहा रेघा, पंधरा रेघा, रुपयाचं चिन्ह असलेलं-नसलेलं, काही फरक नाही. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपयाची आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला कायदेशीर आहेत. चहावाला शांतपणे म्हणाला, "मग बँकेतच चहा घ्यायचा की."

परतीच्या एसटीत हेच डोक्यात घोळत होतं. आपण म्हणतो 'चलन'. चालतं ते चलन. शब्दातच सगळं आलंय, पण चालवतो कोण? राजा, सरकार, की चहावाला?

यावर ३५० वर्षांपूर्वी रायगडावर एक उत्तर दिलं गेलंय. जून १६७४. राज्याभिषेकाला मुंबईचे इंग्रज आले होते. हेन्री ऑक्झिंडेन नजराणा आणि तहाची कलमं घेऊन गडावर होता. त्यातलं एक कलम असं, की इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. बाकीची बरीच कलमं मान्य झाली. या कलमावर उत्तर मिळालं त्याचा मथितार्थ असा: ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्ती मी तिच्यावर करू शकत नाही. पण तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांइतकं कसाचं आणि वजनाचं असेल तर ते चालायला माझी आडकाठीही नाही. इंग्रजांच्या वखारीच्या कागदांत हे नोंदलेलं आहे.

हे म्हणणारा राजा त्याच सुमारास स्वतःचं नाणं पाडत होता. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सोन्याचा होन, तांब्याची शिवराई. नाणं पाडणं हा राजेपणाचा हक्क, तो त्यांनी बजावला. पण घे म्हणून कुणाच्या हातात कोंबणं हा हक्क नाही, असं सांगितलं. मला तरी हे जाम आवडतं.

तर मंडळी, पैसा 'चालतो' म्हणजे काय होतं, यावर लिहा. आपापल्या गावचं, घरातलं लिहा. आंतरजालावरून उचललेली 'पैशाचा इतिहास: सात टप्पे' छापाची माहिती नको.

---

चकलीचा सोऱ्या – रविवार, सकाळी १०:४०

पयला! बाकी वाचून प्रतिसाद देतो.

---

गोदाकाठचा – रविवार, दुपारी १:०५

नाशिककरांना या धाग्यावर राखीव जागा हवी. कारणं देतो.

पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्याचा व्हरांडा बघा. लोक स्तंभांपाशी उभं राहून फोटो काढतात आणि पुढं जातात. भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत काय आहे? मुदत ठेवीची पावती आहे. थट्टा नाही. इथला शक राजा, क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात. त्यानं हे लेणं भिक्षूंना दिलं, आणि सोबत ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. पण रोकड भिक्षूंच्या हातात दिली नाही. गोवर्धनात, म्हणजे नाशिकलाच लागून, विणकरांच्या श्रेणी, म्हणजे धंद्याचे संघ, होत्या. एका श्रेणीत २,००० ठेवले दरमहा शेकडा एक व्याजानं, दुसरीत १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. 'अक्षयनीवी' हा त्यांचा शब्द.

आता गंमत बघा. पुढं लिहिलंय की २,००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. करा हिशेब. शेकडा एकानं २,००० चे महिन्याला २०, वर्षाचे २४०. भागिले वीस, बरोबर १२. दमडीचा फरक नाही. कुणीतरी कारकून बसून हे गणित करून मग दगडावर गेलाय. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं, हेही कोरलंय. म्हणजे आजच्या भाषेत ठराव वाचून दाखवला, नोंदणी झाली. त्याच लेखात 'सुवर्ण' या सोन्याच्या नाण्याचा भावही येतो: एक सुवर्ण म्हणजे ३५ कार्षापण. आणि चिखलपद्र नावाच्या गावातली ८,००० नारळाची झाडं.

सासरेबुवांचं पुढं काय झालं? सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांवर नाणी. सगळी नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला. वितळवली नाहीत, थेट वरून शिक्का. खालून नहपानाचं नाक-डोळे डोकावतात, वर सातवाहनांची टेकडी आणि उज्जैनचं चिन्ह. वळचणीच्या पाहुण्यांनी विचारलं, चालवतो कोण? इथं राजा बदलला, पण चांदी तीच राहिली.

तिसरं कारण: १९२८ पासून नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. त्याआधी विलायतेहून छापून यायच्या.

---

अनवट – रविवार, दुपारी १:३०

गोदाकाठचा, दंडवत घ्या. वीसदा तरी गेलो असेन त्या लेण्यात. वाचनखूण साठवली.

---

शंकेखोर – रविवार, संध्याकाळी ६:१८

लेख छान, पण मूळ गोष्ट राहतेय. आधी वस्तुविनिमय होता. माझ्याकडं ज्वारी, तुझ्याकडं मडकी. तुला ज्वारी नको असेल तर अडचण. म्हणून नाणं आलं. मग नोट, मग कार्ड, मग क्यूआर. शाळेत सगळ्यांनी शिकलंय. आपल्याकडची बलुतेदारी म्हणजे हाच वस्तुविनिमय ना? मग इतकं गूढ काय आहे यात?

---

खळ्यावरची – रविवार, रात्री ९:५०

शंकेखोर, ज्वारी-मडक्याची गोष्ट अ‍ॅडम स्मिथनं १७७६ साली लोकप्रिय केली आणि पाठ्यपुस्तकांनी जपली. नुसत्या वस्तुविनिमयावर चालणारा समाज मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना कुठंच सापडलेला नाही. परक्यांशी, वाटेत भेटलेल्यांशी अदलाबदल होते. रोज तोंड बघायचंय त्या माणसाशी उधारी होते.

बलुतं घ्या. माझं माहेर शेतकऱ्याचं. पाटा-कुळव बिघडला की सुतार यायचा. तो काय तिथल्या तिथं चार पायली ज्वारी मागायचा का? नाही. वर्षभर काम, आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या राशीतून त्याचा वाटा. कुणाचा किती, तेही ठरलेलं. थोरली ओळ, मधली ओळ, धाकटी ओळ. सुतार-लोहार थोरल्या ओळीत, मग बाकीचे. हा विनिमय नाही, हा न लिहिलेला हिशेब आहे. एक वर्ष लांबीचा.

आणि नाणं? नाणं लागायचं ते गावाबाहेरच्यांसाठी. सारा भरायला, शिपायाच्या पगाराला, बाजारच्या व्यापाऱ्याला. मीठ-मिरची सोडली तर गावात नाण्याचं काम फार नव्हतं. म्हणजे शाळेतला क्रम उलटा करा: आधी उधारी, मग नाणं. क्यूआर म्हणजे तर परत खतावणीच झाली, फक्त वही परक्याच्या घरी.

या शेतसाऱ्याच्या रोकडीनंच पुढं घात केला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं मागेल त्याला पैसा दिला. युद्ध संपलं, भाव कोसळले, साऱ्याचे आकडे मात्र वाढलेले आणि हप्त्याच्या तारखा ठरलेल्या. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर गेले, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. त्यांना हवं काय होतं? पैसा नव्हे, कागद. कर्जरोखे, खाती, हुकूमनामे. जो सावकार मुकाट्यानं कागद देई, त्याला बहुतेक ठिकाणी हातही लागला नाही. रोखे चौकात जाळले. पैसा कुठं असतो हे त्या कुणब्यांना आपल्यापेक्षा नीट कळलं होतं. १८७९ ला शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला तो यातूनच.

---

निळी शाई – सोमवार, सकाळी ८:२२

खळ्यावरची, चांगलं लिहिलंत. पण 'न लिहिलेला हिशेब' वाचून मला गोड वाटलं नाही.

न लिहिलेला हिशेब कुणाच्या लक्षात राहायचा? ज्याची रास त्याच्या. आमच्या आजोबांच्या वाट्याला खळ्यावर काय यायचं, ते रास उचलल्यावर झाडून काढलेलं. मागायचं कसं, तर वाकून. भांडायचं कुणाशी, तर उद्या ज्याच्या दारात जायचंय त्याच्याशी. तुम्ही ज्याला उधारी म्हणता, ती आमच्या बाजूनं कधी फिटतच नव्हती.

आजी सांगायची, गावात वाण्याकडं मीठ आणायला गेलं की पैसा उंबऱ्याबाहेर ठेवायचा. तो वरून पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. मीठ लांबून पदरात टाकायचा. म्हणजे नाण्यालाही सोवळं-ओवळं होतं. पण तिचं पुढचं वाक्य ऐका: "पाणी शिंपडायचा, पण घ्यायचा. नाही म्हणायचा नाही." आजोबा मुंबईला गिरणीत लागले आणि पगार हातात रोख पडायला लागला, तेव्हा पहिल्यांदा त्यांना ठाऊक झालं की महिन्याला किती मिळणार. कुणी दिलं म्हणून नव्हे, ठरलं म्हणून.

बाबासाहेबांनी लंडनला रुपयावर प्रबंध लिहिला, १९२३ साली छापला. नंतर चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढं साक्ष दिली. आणि १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात बदल करायला विधेयक आणलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या, हे लोक वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. मला ते एकच काम वाटतं. रुपयाची किंमत पडली की सगळ्यात आधी मजुराचं पोट मारलं जातं, आणि वतनात तर रुपयाही नाही.

---

खळ्यावरची – सोमवार, सकाळी ९:०३

निळी शाई, मान्य. खळं मी राशीच्या बाजूनं बघितलंय. 'उधारी' हा शब्द सगळ्यांना सारखा लागू नाही, हे लिहायला हवं होतं.

---

आबा उदगीरकर – सोमवार, दुपारी १२:४५

आमच्या मराठवाड्याला विसरू नका राव. आमच्याकडं दोन दोन रुपये होते. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. हालीवर चारमिनार. सात हाली बरोबर सहा कलदार, हा भाव.

वडिलांचं कापडाचं दुकान. माल सोलापूरचा, म्हणजे खरेदी कलदारात. विक्री हालीत. गल्ल्यात दोन कप्पे. वडील सांगत, पोरगं हुशार आहे का हे बघायचं तर त्याला विचारायचं, एकवीस हालीचे कलदार किती? "अठरा" पटकन आलं तर दुकानात बसवायचं, नाही तर शाळेत घालायचं. (मला शाळेत घातलं.)

निजाम १९४८ ला गेला तरी हाली लगेच गेला नाही. पन्नाशीचं दशक संपत आलं तोवर जुनी नाणी बाजारात दिसत. राज्य गेलं, भारतात विलीन झालं, तरी म्हातारी माणसं भाव विचारताना "हाली का कलदार?" म्हणायची. माझी आत्या तर कुणी फार शहाणपणा केला की म्हणायची, "लई कलदार समजतोय स्वतःला."

---

सराफकट्टा – सोमवार, रात्री १०:१०

आबांनी हाली-कलदार काढलं म्हणून बट्ट्याबद्दल लिहितो. आम्ही पिढीजात त्याच धंद्यातले, आता फक्त दागिने.

पेशवाईत पुण्याच्या बाजारात किती तऱ्हेचे रुपये यायचे! अंकुशी, चांदवडी, सुरती, आणखी गावोगावचे. टांकसाळी पुष्कळदा कंत्राटानं दिलेल्या. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण, पण नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. दिल्लीची सूत्रं हलवतोय मराठा आणि नाण्यावर नाव बादशहाचं, कारण बाजाराला त्या नावाची सवय. (धागाकर्त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.)

या प्रत्येक रुपयाची चांदी वेगळी, झीज वेगळी. म्हणून सराफ. नाणं दगडी फरशीवर वाजवायचं, कसोटीवर घासायचं, काट्यात टाकायचं, आणि मग सांगायचं, यावर इतका बट्टा. बट्टा म्हणजे वरच्या किमतीतून कापायची रक्कम. त्यातली आमची मजुरी ती वटणावळ. सरकारी खजिन्यात हेच काम पोतदार करी. आता 'नावाला बट्टा लावलास' म्हणताना कुणाच्या मनात काटा-कसोटी येते? 'बंदा रुपया' म्हणजे न मोडलेला, 'खणखणीत' म्हणजे फरशीवर वाजलेला, 'खुर्दा' म्हणजे मोड, चिल्लर. शत्रूचा खुर्दा उडवला म्हणजे त्याची चिल्लर करून टाकली.

खुर्द्यावरून आठवलं. पानिपतची खबर नानासाहेबांना आली ती सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाचं. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. सैन्याच्या आधी हुंडीवाल्याचा जासूद पोचला. हुंडीचं जाळंच तसं होतं, आणि बातमी द्यायला त्या लोकांजवळ दुसरी भाषा नव्हती.

हे सगळं १८३५ ला आटोपलं. कंपनी सरकारनं १८० ग्रेनचा एकच रुपया सगळीकडं केला. हळूहळू बाकीचे भट्टीत गेले. आमच्या खापरपणज्यांचा धंदा अर्ध्यावर आला म्हणतात. तांब्याची शिवराई मात्र खेड्यापाड्यांत पुढंही कित्येक वर्षं चालत राहिली. तिला कुणी बंद करायच्या आधी लोकांनी सोडायला हवी होती ना!

---

चकलीचा सोऱ्या – सोमवार, रात्री १०:३३

पण मग सरकारनं काहीही 'चालव' म्हटलं तर चालतं का नाही? दौलताबादकर महंमद तुघलकाचं काय? पितळेचं नाणं काढलं, म्हणाला हे चांदीच्या टंक्याइतकं माना. १३२९-३० च्या आसपास. काही नाणी तर आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतली. लोकांनी घरोघरी नाणी पाडली, सारा त्याच पितळेत भरला, आणि शेवटी सुलतानानं ती परत घेऊन बदल्यात चांदी-सोनं दिलं. वेडा म्हणा, पण शब्द पाळला बिचाऱ्यानं.

---

शंकेखोर – सोमवार, रात्री १०:५१

तुघलक म्हटलं की ८ नोव्हेंबर २०१६ आलंच पाहिजे. मी जिल्हा बँकेच्या दारात तीन दिवस उभा होतो. चौथ्या दिवशी कळलं, जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी. सोसायटीचं कर्ज त्याच बँकेत, उसाचे पैसे त्याच बँकेत, आणि

---

संपादक मंडळ – सोमवार, रात्री ११:०५

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे सतरा उपप्रतिसाद उडवले आहेत. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे.

---

शंकेखोर – सोमवार, रात्री ११:०९

सतरा उडवले म्हणजे माझा प्रतिसाद चालला की!

---

मांडवीपार – मंगळवार, सकाळी ७:३०

गोंयचें कोण बोलना म्हणून मीच लिहितो. आमच्याकडे रुपया होता, पण पोर्तुगीज रुपिया. सोळा तांगांचा. तुमचा आणा तो आमचा तांगा. एका तांग्यात साठ रैस. १९५८ साली लिस्बनने ठरवले, आता एस्कुदो. एका रुपियाला सहा एस्कुदो. लोकांना कुठे ती शंभर सेंताव्हांची सवय होतेय, तोवर १९६१ चा डिसेंबर. मग भारतीय रुपया, आणि तोही तोवर दशमान झालेला.

माझी आई मडगावच्या बाजारात मासळी घ्यायची. तिच्या आयुष्याच्या पाचेक वर्षांत तीन चलने आली. कोळीण म्हणे, "बाय, म्हाका पयशे नाका, तांदूळ हाड." (पैसे नकोत, तांदूळ आण.) आई हसून सांगायची. कोळणीचे बरोबर होते. एस्कुदोचे काय होईल कोण जाणे, तांदूळ संध्याकाळी शिजणार होता.

---

प्राजक्ताची आई – मंगळवार, दुपारी ३:१५

मी इथली बहुधा सगळ्यात म्हातारी. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा तिसरीत होते. तोवर बारा पैंचा आणा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. चवली म्हणजे दोन आणे, पावली चार, अधेली आठ. युद्धाच्या काळातला भोकाचा पैसाही घरात खूप. तांबं वाचवायला मधलं काढून घेतलेलं. भाऊ ते सुतळीत ओवून कमरेला बांधायचा आणि वडील सायकलला वायसर म्हणून वापरायचे.

रुपयाचे शंभर केले, पण शंभराला सोळानं भाग जात नाही. आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून तक्ते लावले दुकानांत. एक आणा म्हणजे सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. माझ्या भावानं तक्ता पाठ केला आणि त्याला शोध लागला. एका आण्याची वस्तू तीनदा वेगवेगळी आणली तर अठरा नवे पैसे, एकदम आणली तर एकोणीस. मग तो वाण्याकडं तीन फेऱ्या मारायचा. एका नव्या पैशाची लिमलेटची गोळी. वाणी चौथ्या दिवशी म्हणाला, "बाळ, एकदम सांग, गोळी मी देतो, पण फेऱ्या नको."

'नवे' हा शब्द १९६४ ला सरकारनं काढला. आमच्या तोंडातून निघाला नाही. पंचवीस पैसे २०११ ला बंद झाले तरी मी अजून भाजीवाल्याला "चार आण्याची कोथिंबीर" म्हणते आणि तो दहाची जुडी देतो. आम्हाला दोघांनाही कळतं.

---

अनवट – मंगळवार, दुपारी ३:४०

आजी _/\_ तुमचा भाऊ आज शेअर बाजारात असता.

---

प्राजक्ताची आई – मंगळवार, दुपारी ४:०२

पोस्टात होता. गल्ल्यावर.

---

वळचणीचा पाहुणा – शनिवार, रात्री ९:२०

धागा कुठल्या कुठं गेला, सगळ्यांचे आभार. निळी शाईंच्या आजीचं वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. 'पाणी शिंपडायचा, पण घ्यायचा.' रायगडावरचं उत्तर मी नाण्याच्या बाजूनं वाचत होतो, घेणाऱ्याच्या बाजूनं. देणाऱ्या हाताच्या बाजूनं वाचलं की वेगळं दिसतं. ज्याला गावात कुणी 'नाही' म्हणू शकतं, त्याला सक्तीनं चालणारं नाणंच बरं वाटणार. यावर मला अजून नीट बोलता येत नाही.

आता बातमी. आज परत गावी आलोय. मुद्दाम त्याच चहावाल्याकडं गेलो, गर्दी नव्हती. विचारलं, दहाचं नाणं तू का घेत नाहीस, खरं सांग. तुला खोटं वाटतं का?

"मला कशाला खोटं वाटंल? दूधवाला घेत न्हाई."

दूधवाला चुलतभावाच्या ओळखीचा निघाला. संध्याकाळी डेअरीवर गाठला. तो म्हणाला, मला चालतंय हो, पण पेंडवाला घेत नाही. पेंडीचं दुकान शेजारच्याच गल्लीत. मालक म्हणाले, आमच्याकडं कुणी आणतच नाही, आम्ही कशाला नाही म्हणू? मग जरा थांबून म्हणाले, "पण आणलं तर घेणार न्हाई. पुढं खपवायचं कुठं? चहावालासुद्धा घेत नाही."

मी खिशातली सहा नाणी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि साठ रुपयांची सरकी मागितली. आम्हाला गुरं नाहीत. त्यांनी नाण्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, एक उचलून फरशीवर टाकलं.

सराफकट्टा, वाजलं हो. पण त्यांनी क्यूआरच पुढं केला.

---

सराफकट्टा – शनिवार, रात्री ९:४८

दहाचं नाणं दोन धातूंचं असतं, चांदीसारखं वाजत नाही. त्यांना काय ऐकू आलं असेल कुणास ठाऊक. सरकीचं काय केलंत?

---

वळचणीचा पाहुणा – शनिवार, रात्री ९:५५

चहावाल्याला दिली. त्याच्या मेव्हण्याकडं दोन म्हशी आहेत. मी उद्याचे दोन चहा जमा करून आलोय.

---

खळ्यावरची – शनिवार, रात्री १०:०१

लिहून घेतलं का त्यानं?

---

वळचणीचा पाहुणा – शनिवार, रात्री १०:०४

नाही.